तीन तुकडे कमी

झाशीत दिवाळीला खेळणी किलोवर मिळतात. १९७९ साली लग्न होऊन मी साताऱ्याहून इथं आले, तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवाळीत शेजारच्या भाभीजींनी भिंतीवरून हाक मारली, ‘बहू, बाजार जा रही हो तो आधा किलो खिलौने लेती आना.’ मी माणिक चौकात बाहुल्या आणि लाकडी गाड्या शोधत तासभर फिरले. अर्धा किलोत किती बाहुल्या बसतील, याचा हिशोबही करून झाला. शेवटी एका दुकानदाराला दया आली आणि त्यानं समोरच्या ढिगाकडे बोट दाखवलं. पांढरेशुभ्र हत्ती, घोडे, मोर, एखादं देऊळ, सगळं साखरेचं. पाक लाकडी साच्यात ओतून करतात. लक्ष्मीपूजनाला साळीच्या लाह्या, बत्तासे आणि हे ‘खिलौने’ एकत्र ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी पोरांनी आधी हत्तीची सोंड खायची, ही इकडची रीत.

साखरेचे हत्ती भाऊबीजेपर्यंत संपतात. प्लॅस्टिकचे संपत नाहीत. ते माळ्यावर जातात, आणि गेली काही वर्षं तिथून माझ्या अंगणात येतात.

आमचं घर खंडेराव दरवाजाच्या आत. या नावावरूनच वाचकांना कळेल की झाशीत मराठी माणूस नवा नाही. नेवाळकरांच्या काळापासून इथं घरं आहेत. राणीचं लग्न १८४२ साली ज्या गणेश मंदिरात लागलं, तिथं आजही आमचा गणेशोत्सव होतो. माझी दोन्ही मुलं दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करायची. गच्चीवर गेलं की खरा किल्ला दिसतो, ओरछ्याच्या वीरसिंह देवानं १६१३ साली बांधलेला. पण पोरांना चिखलाचाच हवा, आणि त्यावर पुण्याच्या आत्यानं पाठवलेले मावळे. पुढे थोरला पुण्याला गेला, धाकटा अमेरिकेत न्यू जर्सीला. २०१३ साली मी शाळेतून निवृत्त झाले आणि पुढच्या नवरात्रात घर आवरताना त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. वरपर्यंत खेळणी. शेजारच्या वहिनींच्या माळ्यावरही तशीच ट्रंक होती. आम्ही चौघीजणी मिळून दोन पोती भरली आणि गरजू कुटुंबांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला नेऊन दिली. संस्थेचं नाव मुद्दाम घेत नाही. चूक त्यांची होती तेवढीच आमचीही.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मांडव, सतरंज्या, हार, माइक असा कार्यक्रम झाला. मुलं रांगेत. एकेकाचं नाव पुकारायचं, पाहुण्यांच्या हातून खेळणं द्यायचं, फोटो, पुढचा. सात-आठ वर्षांच्या एका मुलाला भारताच्या नकाशाचं कोडं मिळालं. ते मी लगेच ओळखलं, आमच्या थोरल्याचं. पोरगं शहाणं. घरी जाईपर्यंतही त्याला धीर नव्हता. मांडवाच्या कोपऱ्यात बसून त्यानं सगळं राज्य राज्याला लावलं. ओडिशा नाही, केरळ नाही, आसामही नाही. मग तो सतरंजी उचलून खाली बघायला लागला. खुर्च्यांखाली वाकून आला, पाहुण्यांच्या चपलांमध्ये शोधून आला. शेवटी माझ्याजवळ येऊन अगदी हळू विचारलं, ‘मैडम, हमसे गिर गए का?’

ते तीन तुकडे १९९१पासून नव्हते. मला माहीत होतं. पोतं भरताना मनात आलंही होतं, आणि मी स्वतःला म्हटलं होतं, चालतंय, त्यांना कुठं काय मिळतं.

‘त्यांना कुठं काय मिळतं’ हे वाक्य आपण किती सहज वापरतो ते तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या पोराला मी आनंद दिला नाही, हरवल्याचा आळ दिला. पुढच्या वर्षी त्याच संस्थेच्या कोठीत काही कामानं गेले, तर आमच्या दोन पोत्यांपैकी एक तसंच सुतळीनं बांधलेलं होतं. फोटोपुरती खेळणी वाटून झाली होती, उरलेली कुणाला आठवलीच नव्हती.

धाकट्याला फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यानं तिकडची हकिकत ऐकवली. अमेरिकेत नाताळच्या आधी मरीन सैनिकांच्या राखीव दलाचे लोक खेळणी गोळा करतात, ‘टॉइज फॉर टॉट्स’ नावानं. १९४७ साली लॉस एंजेलिसमध्ये मेजर बिल हेंड्रिक्स यांनी ते सुरू केलं. मूळ खटपट त्यांच्या बायकोची. तिनं हातानं चिंधीची बाहुली केली आणि नवऱ्याला म्हणाली, गरजू मुलांना देणाऱ्या एखाद्या संस्थेला ही नेऊन दे. तशी संस्था सापडेना, तेव्हा म्हणाली, मग तुम्हीच काढा. पहिल्या वर्षी ५,००० खेळणी जमली. मला खरा रस वाटला तो पुढच्या भागात. सुरुवातीला हे सैनिक जुनी खेळणीही घेत आणि सुट्टीच्या कवायतीच्या दिवशी बसून रंगवत, जोडत. १९८० पासून त्यांनी जुनी खेळणी घेणं बंद केलं. दुरुस्तीला वेळ पुरेना, सुरक्षेची काळजी होतीच, आणि सणाला दुसऱ्याचं टाकलेलं देऊन पोराला ‘तू आम्हाला हवा आहेस’ असं कसं सांगायचं, हाही प्रश्न होता.

यासाठी खरं तर अमेरिकेपर्यंत जायला नको होतं. आमच्याच गावची गोष्ट आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७च्या धामधुमीत झाशीत होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ इथल्या मराठी घरांत अजून सापडतो. राणी महालक्ष्मीच्या दर्शनाहून परतत असताना थंडीनं कुडकुडणाऱ्या गोरगरिबांनी तिची वाट अडवली, ही आठवण झाशीत सगळ्यांना माहीत आहे. तिनं वाड्यातले जुने कपडे बाहेर काढायला सांगितलं नाही. गावातल्या शिंप्यांना बसवून नव्या टोप्या आणि बंड्या शिवून घेतल्या, वर प्रत्येकाला एकेक घोंगडी. शिंप्याला काम आणि गरिबाला नवं कापड. इथले लोक ही गोष्ट सांगताना राणीच्या दयेबद्दल बोलतात. मला तिची व्यवस्था जास्त आवडते.

आम्ही मात्र जुनी खेळणी बंद केली नाहीत. चांगली वस्तू माळ्यावर सडवायची, हेही मनाला पटत नाही. मग ठरवलं, घ्यायची, पण स्वतःच्या नातवाला देऊ अशी झाल्याशिवाय अंगणाबाहेर जाऊ द्यायची नाहीत. दसरा झाला की आमच्याकडे बुधवारी आणि शनिवारी दुपारी बैठक बसते. चहा माझा, चकली ज्याची त्याची.

पोतं सतरंजीवर ओतलं की पहिला तास निव्वळ टाकण्यात जातो. रिमोट नसलेली रिमोटची गाडी, अर्धी बॅट, कुणी केस कापून टाकलेली बार्बी, आणि दरवर्षी न चुकता कुणाच्या तरी घरचं तुटकं घड्याळ. लोकांना वाटतं खेळण्यांच्या पोत्यात काहीही चालतं. तीन पोती आली तर एक पोतं धड निघतं, हा माझा अंदाज आता फारसा चुकत नाही.

लोकरीची आणि फरची जनावरं माझ्या वाट्याला. पोटाची शिवण उसवायची, आतला फायबर काढायचा, बहुतेक वेळा तो टाकूनच द्यावा लागतो. नुसतं कातडं कोमट पाण्यात निरम्यात भिजत घालायचं आणि गोधडी आपटतो तसं न आपटता हातानं दाबून धुवायचं. झाशीचं ऑक्टोबरचं ऊन अजून कडक असतं, दोन दिवसांत खडखडीत वाळतं. मग नवा फायबर भरून उलटा टाका. डोळे मात्र मी कात्रीनं कापून काढते. ते प्लॅस्टिकचे मणी पोरं दातांनी ओढतात आणि गिळतात. त्यांच्या जागी काळ्या दोऱ्यानं डोळे भरते. एका बाईनं असं अस्वल हातात घेऊन विचारलं होतं, ‘ईकी आँखें कितै गईं?’ मी कारण सांगितलं. तिनं नखानं दोरा ओढून बघितला, निघत नाही अशी खात्री झाल्यावर अस्वल पिशवीत टाकलं. एवढी कडक परीक्षा कुठला पाहुणा घेत नाही.

यंत्रवाली खेळणी ‘ह्यां’च्याकडे. हे रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून निवृत्त झाले, त्यामुळे चाक म्हटलं की यांचे हात शिवशिवतात. सायकलचा जुना स्पोक कापून गाडीला नवा अ‍ॅक्सल बसवतात, दोन्ही टोकं पकडीनं वाकवून कानसतात. सेलच्या खणात पांढरा-हिरवा खार साठलेला असतो, तो व्हिनेगर लावलेल्या कापसानं पुसतात. पण ज्यात बटणासारखे चपटे सेल असतात, ती संगीत वाजवणारी, लुकलुकणारी खेळणी आम्ही देतच नाही. तो सेल मुलानं गिळला तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका आतून भाजू शकते. नव्या खेळण्यात तो खण स्क्रूनं बंद असावा लागतो. जुन्यात झाकणच नसतं. हे माहीत नसल्यानं पहिल्या वर्षी आम्ही असे दोन-तीन पियानो वाटले होते. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी अजून एक कसोटी आहे. भारतीय मानकात, म्हणजे आयएस ९८७३ मध्ये, सुट्या भागांसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं ठरवून दिलंय. त्यात जो तुकडा पूर्ण मावेल, तो लहान मुलाच्या घशातही जाईल. आमच्याकडे ते नळकांडं कुठलं असणार? फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या दिरांकडून जुन्या कॅमेऱ्याच्या रोलच्या डब्या आणल्या, त्या जवळपास तेवढ्याच असतात. जे डबीत मावतं ते मोठ्या मुलांच्या ढिगात किंवा थेट कचऱ्यात. १ जानेवारी २०२१ पासून बाजारात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआयचा शिक्का सक्तीचा झाला, हे चांगलंच झालं. पण माळ्यावरची खेळणी त्याच्या कितीतरी आधीची असतात. त्यांना शिक्का कुठला, डबीच.

कोडी शेवटी. जमिनीवर मांडून तुकडा न् तुकडा लावल्याशिवाय एकही कोडं बाहेर जात नाही. हे काम मी कुणाला देत नाही.

वस्तू तयार झाल्यावर त्या द्यायच्या कशा, यावर आमच्यात पुष्कळ भांडणं झाली. मी म्हटलं, मुलांना बोलवायचंच नाही, आयांना बोलवू. धनत्रयोदशीच्या दोन दिवस आधी तख्तावर चादर घालून खेळणी वयाप्रमाणे मांडायची. आई येईल, हातात घेऊन बघेल, आपल्या पोरासाठी एक निवडेल, आणि आपल्या पिशवीत घालून नेईल. दिवाळीच्या दिवशी ते खेळणं तिनं द्यायचं, आम्ही नाही. पोराला वाटलं पाहिजे, अम्मानं आणलं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, ‘अहो, बायका दोन-दोन, चार-चार उचलतील!’ उचलली की. एकीनं चार नेली आणि चार मुलं आहेत म्हणाली. नंतर कळलं, दोन तिची आणि दोन दिराची, दीर गुजरातला कामाला. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. फोटो मात्र कुणी काढायचा नाही, हा नियम मी भांडून करून घेतला आणि त्यामुळे दोन देणगीदार गेले. गेले तर गेले. वर्ष उलटल्यावर जुने कपडे गोळा करणाऱ्या ‘गूंज’बद्दल वाचलं. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये ती संस्था काढली आणि २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावानं विहीर, रस्ता असं आपलं काम करायचं आणि त्याच्या बदल्यात कपडे घ्यायचे, ही त्यांची पद्धत. घेणाऱ्याची मान खाली जाऊ द्यायची नाही, हा धागा तोच.

‘अहो, ज्यांना पोटभर जेवण नाही त्यांना बाहुल्या कसल्या देता?’ हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतं. विचारणाऱ्याच्या घरात नातवाचे चाळीस ट्रक असतात. पण प्रश्नाची दुसरी बाजू मी नाकारत नाही. गरीब मुलांकडे खेळणी नसतात, हा आपला भ्रम आहे. बुंदेलखंडात अक्तीला, म्हणजे आपल्या अक्षय तृतीयेला, मुली चिंध्यांच्या पुतरा-पुतरिया करून वडाखाली त्यांचं लग्न लावतात. शरद पौर्णिमेच्या सुमारास मुलं टेसूचं बाहुलं घेऊन घरोघर पैसे मागत फिरतात. मूळचे बरेलीचे आणि पुढे पुण्याच्या आयुकात मुलांसाठी विज्ञान केंद्र चालवणारे अरविंद गुप्ता यांनी तर आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबपासून खेळणी करून दाखवण्यात आयुष्य घालवलं. २०१८ साली पद्मश्री मिळालेला हा माणूस टाकाऊतूनच खेळणी करतो. टाकाऊतून मुलानं स्वतः केलेलं खेळणं आणि आपण टाकलेलं खेळणं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

या आयांना काय हवं असतं, ते तख्तापाशी उभं राहिलं की कळतं. मोठी टेडी अस्वलं शेवटपर्यंत पडून राहतात. आधी संपतात चेंडू, मग प्लॅस्टिकच्या बॅटी, उड्या मारायच्या दोऱ्या, पाटी-खडू. मला याचं नवल वाटायचं. एका बाईनं समजावलं. देवउठनी एकादशी झाली की तिची माणसं पथाईला, म्हणजे विटा पाडायला, भट्ट्यावर जातात, पाऊस तोंडावर आला की परततात. पोरंही बरोबर. जनरल डब्यात गठरीत भांडी, रजया, पीठ, आणि त्यात हातभर अस्वल कुठं ठेवायचं? चेंडू खिशात राहतो. तेव्हापासून मोठी जनावरं आम्ही अंगणवाडीला देतो, तिथं जागेवर राहतात आणि तीन ते सहा वर्षांची पोरं त्यांच्यावर डोकं ठेवून झोपतात.

अंगणवाड्यांसाठी खेळणी मागत शेजारच्या मध्य प्रदेशचे तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान २४ मे २०२२ रोजी भोपाळच्या अशोका गार्डन भागात स्वतः हातगाडी ढकलत फिरले होते. टीव्हीवर बघताना आमचे हे म्हणाले, ‘आता धुणार कोण?’ थट्टा म्हणून नव्हे, खरंच विचारलं त्यांनी. पुढच्या वर्षी केंद्र सरकारनं जुने कपडे, पुस्तकं, खेळणी गोळा करणारी केंद्रं शहराशहरांत उघडायला सांगितली. चांगलंच आहे. पण गोळा करणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम, आणि फोटोही तिथंच निघतात.

आता पैशांबद्दल. आमच्याकडे जे रोख देतात, त्यांच्या पैशातून आम्ही नवी खेळणी घेतो, आणि ती झाशीतच घेतो. फार जणांना ठाऊक नसतं, पण उत्तर प्रदेश सरकारनं २०१८ मध्ये ‘एक जनपद, एक उत्पाद’ योजना आणली, तेव्हा चित्रकूटला लाकडी खेळणी आली आणि झाशीच्या नावापुढे लागली सॉफ्ट टॉइज. राणीच्या गावाला तलवार न देता मऊ ससे दिले, म्हणून आमच्याकडे पुष्कळ विनोद झाले. पण हे काम खरंच इथल्या बायका घरी बसून करतात. आमच्या गल्लीपलीकडच्या एकीच्या खोलीत गेले होते. पलंगावर कापलेल्या कानांचा ढीग, खाली उलटे शिवलेले हत्ती, आणि कोपऱ्यात तिची चार वर्षांची मुलगी रिकामं रीळ जमिनीवर फिरवत बसलेली. एवढ्या खेळण्यांत पोरीच्या हातात रीळ का, असं मी विचारलं. म्हणाली, पीस मोजून द्यायचे असतात, एक मळला तर पैसे कापतात.

त्या वर्षी आम्ही तिच्याकडून २५ छोटे हत्ती घेतले, वीतभर, डोळे दोऱ्याचे. चोवीस तख्तावर मांडले. पंचविसावा तिच्याच पिशवीत गेला, कारण आम्ही बोलावलेल्या आयांच्या यादीत तिचंही नाव होतं.

झाशीबाहेरच्या वाचकांनी खेळणी इकडे पाठवू नयेत, कुरिअरच्या खर्चात तिथंच कुणाचं तरी दिवाळीचं खेळणं येईल. आपल्या गावात घेणारी संस्था शोधा आणि पोतं देण्याआधी तिला एवढंच विचारा, धुतं कोण आणि निवडतं कोण. आणि पोत्यात कोडं असेल, तर ते आज रात्री जेवणं झाल्यावर जमिनीवर मांडून बघा. एक तुकडा जरी कमी निघाला, तर ते घरीच ठेवा.